अ‍ॅडॅप्टर बदलण्याआधी अर्थिंग मोजा : गोव्यातील चार्जिंग स्टेशन चालवणाऱ्यांना खुले पत्र

गोव्यातील सार्वजनिक चार्जिंग स्टेशनांचे चालक, ज्यांच्या जागेत ही स्टेशने उभी आहेत त्या नगरपालिका, पंचायती, पेट्रोल पंप व हॉटेलांचे मालक, आणि तिथे वायर ओढणारे कंत्राटदार यांस,

सप्रेम नमस्कार.

इलेक्ट्रिक गाडीची डिकी उघडली की कोपऱ्यात हल्ली हमखास एक पिशवी असते. निळ्या इंडस्ट्रियल सॉकेटवरून थ्री-पिनवर येणारा तुकडा, टाइप-२ गनला (एसी चार्जिंगच्या केबलच्या टोकाच्या जोडाला) लावायचा थ्री-पिनचा डबा, गाडीबरोबर मिळालेला पोर्टेबल चार्जर आणि वर दहा मीटरची एक्स्टेन्शन. पणजीहून काणकोणला जाताना वाटेत कोणत्या जातीचे भोक भेटेल याची खात्री नसते, म्हणून माणूस हा सगळा बाजार बरोबर घेऊन फिरतो. आणि चार्जिंग सुरू झाले नाही की स्टेशनवरून पहिले उत्तर मिळते, 'तुमचा अ‍ॅडॅप्टर खराब आहे.'

कधीकधी तो खराब असतोही. पण भिंतीमागचे अर्थिंग, ढिला स्क्रू, कळंक चढलेली पिन किंवा चुकीच्या जागी बसवलेला आरसीसीबी (जमिनीत वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हीच कारणे आम्हाला कामात अधिक सापडतात. दोष नेमका कुठे आहे हे दहा मिनिटांत शोधता येते. ते कसे, आणि ही पिशवी डिकीतून कायमची जावी म्हणून तुमच्या बाजूने काय करायला हवे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी नियमाचे बोलू. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०१९ मध्ये वीज सुरक्षा नियमांत चार्जिंग स्टेशनांसाठी वेगळे प्रकरण घातले. गाडीच्या इनलेटला, म्हणजे चार्जिंगच्या भोकाला, गन जोडताना मध्ये अ‍ॅडॅप्टर वापरायचा नाही, केबलला एक्स्टेन्शन जोडायची नाही, लोंबते पोर्टेबल सॉकेट चार्जिंगसाठी चालणार नाही, आणि सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच हवे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे त्या पिशवीतल्या निम्म्याहून अधिक वस्तू नियमात बसतच नाहीत. तरी लोक त्या वापरतात, कारण समोरच्या खांबावर त्यांच्या गाडीला लागणारे सॉकेट नसते. 'अ‍ॅडॅप्टर वापरू नये' अशी पाटी लावून तुमची जबाबदारी संपत नाही. त्या पाटीशेजारी योग्य सॉकेट असेल तरच तिला अर्थ आहे.

आता प्रकार. जुन्या भारत एसी-००१ खांबांवर तीन निळी सॉकेटे असतात, प्रत्येकी १५ अँपिअर, म्हणजे ३.३ किलोवॅट. नवीन एसी खांबांवर टाइप-२ ची गन असते, बहुधा ३२ अँपिअर, ७.४ किलोवॅट. डीसीमध्ये आजच्या गाड्यांना सीसीएस-२ जातीची गन लागते. भारत डीसी-००१ हा जुना १५ किलोवॅटचा प्रकार ४८ आणि ७२ व्होल्टच्या गाड्यांसाठी होता आणि त्याची गन जीबी/टी या चिनी मानकाची. या शेवटच्या दोघांत लोक अजून घोळ करतात, म्हणून आधीच सांगतो. सीसीएस-२ वरून जुन्या जीबी/टी गाडीला जोडणारा साधा तुकडा चालूच शकत नाही. जीबी/टीची गाडी कॅन तारांवरून (निरोपासाठीच्या वेगळ्या तारांवरून) बोलते, तर सीसीएसचा चार्जर पायलट तारेवर (गाडी आणि चार्जरमधल्या इशाऱ्याच्या तारेवर) पॉवरलाइन सिग्नल चढवून बोलतो. शिवाय सीसीएसचे बहुतेक चार्जर १५० ते २०० व्होल्टच्या खाली उतरत नाहीत, मग ७२ व्होल्टच्या बॅटरीला काय देणार? असा तुकडा कोणी विकत असेल तर तो तुमच्या आवारात लावू देऊ नका.

सर्वांत जास्त तक्रारी येतात त्या निळ्या सॉकेटवरच्या थ्री-पिन तुकड्याच्या. यात घोटाळा कसा होतो ते नीट पाहा. गाडीचा पोर्टेबल चार्जर १५ अँपिअर ओढतो, तेही मिक्सरसारखा दोन मिनिटे नव्हे, तर ३० युनिटची बॅटरी भरायची म्हणजे नऊ-दहा तास सलग. तुकड्यातला एक स्क्रू थोडा ढिला राहिला आणि त्या सांध्याला फक्त ०.१ ओमचा अडथळा आला, तर १५ अँपिअरला त्या एका बिंदूवर साडेबावीस वॅट उष्णता तयार होते. टीव्ही दुरुस्तीवाल्याच्या टेबलावर असते ती सोल्डरिंगची कांडी २५ वॅटची असते. म्हणजे प्लास्टिकच्या बंद डबीत तापलेली सोल्डरिंग कांडी रात्रभर ठेवल्यासारखे झाले. आधी पिनेभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडते, मग तपकिरी, मग पिनेची स्प्रिंग तापून सैल पडते, सांधा आणखी ढिला होतो आणि उष्णता आणखी वाढते. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की पडणारा स्विच) यात काहीच करत नाही, कारण त्याच्या हिशेबाने प्रवाह १५ अँपिअरच आहे.

अशा तुकड्याची तपासणी सोपी आहे. वीज बंद करून उघडा. तिन्ही तारा २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या आहेत का बघा. दीडची तार सापडली तर तुकडा बाजूला ठेवा. प्रत्येक तारेच्या टोकाला पिनलग (धातूची टोपी) दाबलेला हवा, सुटे तंतू स्क्रूखाली पिळून बसवलेले नकोत. पिन भरीव पितळेची हवी, पत्र्याची पोकळ नको. प्लग आणि सॉकेट दोन्हींवर आयएस १२९३ हे भारतीय मानक लिहिलेले हवे. मग लोड देऊन अर्धा तास थांबा आणि प्लगच्या पाठीवर हात ठेवा. कोमट लागला तर ठीक. हात ठेवून दहा मोजता आले नाहीत तर तिथेच बंद करा. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आमची हद्द हवेपेक्षा ३० अंश वर, त्यापुढे नाही. आणि गाडीत किंवा चार्जरवर प्रवाह कमी करायची सोय असेल तर तो १० अँपिअरवर आणा. तोच ०.१ ओमचा सांधा मग साडेबावीसच्या जागी दहा वॅट तापवतो. वेळ दीडपट लागतो, पण सॉकेट वाचते.

एवढे करूनही पोर्टेबल चार्जरवर लाल दिवा येत असेल आणि 'अर्थ नाही' असा इशारा असेल, तर अ‍ॅडॅप्टर हातातून ठेवा आणि मल्टीमीटर घ्या. परवानाधारक वायरमनकडून सॉकेटवर तीन आकडे घ्यायचे. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, न्यूट्रल ते अर्थ. पहिला २३० च्या आसपास हवा. दुसरा पहिल्याच्या जवळपास, दोन-तीन व्होल्टचा फरक चालेल. तिसरा लोड नसताना दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ दोन्ही शंभर-सव्वाशेच्या घरात दिसले तर अर्थची तार कुठेतरी तुटलेली आहे, किंवा न्यूट्रल जमिनीला बांधलेलाच नाही.

हा दुसरा प्रकार हॉटेलांत आणि रिसॉर्टमध्ये नेहमीचा. लाइन गेली, जनरेटर सुरू झाला की त्या क्षणी सगळ्या गाड्यांचे चार्जिंग बंद पडते आणि 'अर्थ नाही' येते. जनरेटरचा न्यूट्रल तरंगता सोडलेला असतो, एवढेच कारण. तो जनरेटरपाशीच, एकाच ठिकाणी, अर्थ पट्टीला बांधायचा असतो. चेंजओव्हर (लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच) कसा आहे ते पाहून हे काम परवानाधारकानेच करावे.

याच ठिकाणी एक जीवघेणा उपाय केला जातो आणि तो थांबवण्यासाठी हे पत्र दोनदा लिहावे लागले तरी आम्ही लिहू. लाल दिवा घालवण्यासाठी सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये तारेचा छोटा तुकडा टाकतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पण पुढे कधी मागच्या बाजूला न्यूट्रल सुटला, तर पूर्ण २३० व्होल्ट त्या तुकड्यातून अर्थच्या पिनेवर आणि तिथून गाडीच्या पत्र्यावर येतात. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा असलेला माणूस दाराच्या मुठीला हात लावतो, आणि पुढचे सांगायला नको. आरसीसीबीच्या पुढे असा तुकडा असेल तर आरसीसीबी कधी विनाकारण ट्रिप होतो, म्हणून मग तोही काढून टाकला जातो. एका चुकीवर दुसरी.

तारेचा हा तुकडा सॉकेट न उघडता ओळखता येतो. १५ अँपिअरचा लोड चालू असताना न्यूट्रल ते अर्थ मोजा. बोर्डापासून सॉकेटपर्यंत ३० मीटर अंतर आणि अडीचची तार असेल, तर एकट्या न्यूट्रलच्या तारेत सव्वातीन व्होल्टच्या आसपास पडायला हवेत, आणि तेवढा आकडा मीटरवर चढलेला दिसायला हवा. भर लोडवरही काटा शून्यावर चिकटून राहिला तर सॉकेट उघडा, तुकडा सापडेल. त्याच वेळी फेज ते न्यूट्रल किती उतरले तेही लिहून ठेवा. अडीचच्या तारेला ३० मीटरवर साडेसहा-सात व्होल्ट उतरणे बरोबर आहे. अकरा उतरले तर कोणीतरी दीडची तार ओढली आहे. वीसच्या पुढे गेले तर वाटेत एखादा सांधा जळतो आहे.

अर्थिंगचे खरे मूळ मात्र आपल्या जमिनीत आहे. गोव्याची बरीच जमीन जांभ्याची. ज्या दगडाचे चिरे पाडून घरे बांधतो तोच दगड मे महिन्यात इतका कोरडा होतो की त्यात ठोकलेला रॉड दगडाला जेमतेम चिकटतो. त्यामुळे ऑगस्टमध्ये तीन-चार ओम दाखवणारे अर्थिंग मे महिन्यात अनेक पटींनी चढलेले असते. स्टेशन पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास चालू केले, तेव्हाचा कागद फाइलला लावला, आणि एप्रिल-मेमध्ये गाड्यांनी 'अर्थ नाही' म्हणायला सुरुवात केली की दोष अ‍ॅडॅप्टरवर. जांभ्यात रॉड नुसता ठोकून भागत नाही. १०० ते १५० मिलिमीटर व्यासाचे बोअर मारावे, तीन मीटरचा तांबे चढवलेला रॉड मध्ये उभा करावा आणि भोवती बेंटोनाइटची माती पाण्यात कालवून भरावी. ती ओल धरून ठेवते. असे दोन खड्डे, एकमेकांपासून किमान रॉडच्या लांबीइतके दूर. मीठ-कोळशाचा जुना खड्डा आणि त्यात जीआय (जस्त चढवलेली लोखंडी) पट्टी, हे किनाऱ्यालगत टाळा. मिठाने ती पट्टी लवकर खाल्ली जाते आणि वरून दिसतही नाही. दर वर्षी मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहिला पाऊस पडण्याआधी, अर्थ टेस्टरने मोजा. आम्ही ५ ओमच्या वर असलेला आकडा मान्य करत नाही.

आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबून 'अर्थिंग ठीक आहे' म्हणणारे वायरमन भेटतात. त्या बटणाचा अर्थिंगशी काही संबंध नाही. ते फक्त आरसीसीबीची यंत्रणा हलते की नाही ते सांगते. महिन्यातून एकदा दाबावे ते त्यासाठी.

आता स्कूटरवाल्यांचा डबा, म्हणजे टाइप-२ गनला लावून पुढे थ्री-पिन सॉकेट देणारा अ‍ॅडॅप्टर. गोव्यात दुचाकी घरोघरी, त्यामुळे हा डबाही घरोघरी पोचतो आहे. त्याच्या आत काय असते ते स्टेशन चालवणाऱ्याला माहीत असायलाच हवे. टाइप-२ गनच्या वरच्या दोन बारीक पिनांपैकी एक पायलटची. स्टेशन तिच्यावर १२ व्होल्ट सोडते. गाडी जोडली की तिच्यातल्या २.७ किलोओमच्या रोधाने ते ९ वर येतात. गाडीने 'वीज द्या' म्हटले की १.३ किलोओमचा दुसरा रोध समांतर लागतो, ६ व्होल्ट होतात आणि स्टेशनचा काँटॅक्टर (वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) बसतो. डब्यात हे दोन्ही रोध किंवा त्यांच्या बरोबरीचा ८८० ओमच्या आसपासचा एकच रोध आणि एक डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) कायमचा बसवलेला असतो. म्हणजे डबा लावताच स्टेशनला वाटते, गाडी आली आणि वीज मागते आहे. स्वस्तातल्या डब्यात डायोड गाळलेला असतो. स्टेशन पायलटची उणे १२ व्होल्टची बाजूही तपासते, डायोड नसला की ती बाजू कोसळते आणि फॉल्ट येतो. 'इथे चालतो, तिथे चालत नाही' या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. एखाद्या खांबाचा बोर्ड ही तपासणी काटेकोर करतो, एखाद्याचा नाही.

पण खरा धोका वेगळा. त्या खांबातला ब्रेकर ३२ किंवा ४० अँपिअरचा असतो आणि डब्याचे सॉकेट १६ अँपिअरचे. पुढे कोणी मल्टिप्लग लावून तीन स्कूटर आणि एक कार जोडली, तर सॉकेट वितळेल पण ब्रेकर पडणार नाही. म्हणून डब्यात स्वतःचा १६ अँपिअरचा एमसीबी नसेल तर तो डबा कोणत्याही खांबाला लागता कामा नये. आणि गन लागताच सॉकेट जिवंत होत असल्याने क्रम महत्त्वाचा. आधी स्कूटरचा चार्जर डब्यात घट्ट बसवावा, मग डबा गनला, मग अ‍ॅपवरून सुरू. काढताना आधी अ‍ॅपवरून बंद, खांबातला काँटॅक्टर सुटल्याचा 'टक्' आवाज ऐकू आला की गन, आणि सर्वांत शेवटी स्कूटरचा प्लग. उलट क्रमाने चालू प्रवाहात पिन ओढली की ठिणगी उडते, आणि अशा पाच-पन्नास ठिणग्यांत सॉकेटच्या पट्ट्या काळ्या पडतात.

खांबाची बाजू तपासायची असेल तर गन मोकळी असताना पायलटची पिन ते अर्थ डीसीवर मोजा, स्थिर १२ व्होल्ट हवेत. नसतील तर दोष खांबाच्या कंट्रोल बोर्डात किंवा तारेत आहे, गाडीत नाही. मग वीज बंद करून दुसरी बारीक पिन ते अर्थ ओमवर मोजा. ३२ अँपिअरच्या केबलला २२० ओम, २० च्या केबलला ६८०, १३ च्या केबलला १५०० ओम. मीटर 'उघडा' दाखवत असेल तर गनमधला तो बारीक रोध सुटला आहे. अशा गनला गाडी ओळखतच नाही, आणि शिव्या अ‍ॅडॅप्टरला.

स्कूटरवाल्यांना या डब्यातून मुक्त करणे तुमच्याच हातात आहे आणि खर्चही मोठा नाही. प्रत्येक एसी खांबाशेजारी छपराखाली ८०० मिलिमीटरच्या वर १६ अँपिअरची दोन-तीन सॉकेटे द्या. प्रत्येकाला वेगळा १६ अँपिअरचा एमसीबी आणि वेगळा ३० मिलिअँपिअरचा ए प्रकारचा आरसीसीबी. वेगळा का, तर प्रत्येक चार्जरच्या फिल्टरमधून एक ते साडेतीन मिलिअँपिअर जमिनीत गळतातच, तो दोष नव्हे. ३० चा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० च्या दरम्यान कुठेही पडू शकतो. एकाच आरसीसीबीवर पाच स्कूटर आणि वर जुलैची ओल असली की तो पडणारच, आणि पाचही जण सकाळी अर्धवट बॅटरीवर कामाला निघतील. एसी प्रकारचा स्वस्त आरसीसीबी इथे बसवू नका. गाडीच्या चार्जरमधून डीसी गळाला की तो आंधळा होतो.

डीसी स्टेशनवर अ‍ॅडॅप्टरचा प्रश्न नसतो, तरी 'गन लागत नाही' ही तक्रार तिथे सर्वांत मोठी, आणि बेळगावला चोर्ला किंवा अनमोड घाटातून जाणाऱ्याला साखळी-फोंड्यात चार्ज मिळाला नाही तर त्याचा प्रवासच अडतो. यात चार्जिंग कितव्या टप्प्यावर थांबले, ते घड्याळाने बघा. गन लावल्यावर गाडी आणि चार्जर आधी एकमेकांशी बोलतात. मग गाडी गनला कुलूप लावते. मग चार्जर केबलवर सुमारे ५०० व्होल्ट लावून गळती तपासतो. मग बॅटरीच्या व्होल्टेजइतके आपले व्होल्टेज आणतो, आणि त्यानंतरच गाडीचे काँटॅक्टर बसतात.

पहिल्या काही सेकंदांतच, कुलूप लागण्याआधी सोडले, तर पायलट पिनेचा स्पर्श नीट नाही. सीसीएसची गन जड, केबल त्याहून जड, ती गनला खाली ओढते आणि वरच्या बारीक पिना तिरक्या बसतात. गन दोन्ही हातांनी सरळ आत दाबून, केबलचे वजन हाताने उचलून धरून वीस सेकंद थांबायचे. कुलूप लागले की सोडायचे. एवढ्याने सुरू झाले तर गनच्या पिना सैल आहेत, हे नोंदवहीत लिहा आणि गन बदलायला टाका. गिऱ्हाइकाकडून रोज हात लावून घेऊ नका.

कुलूप लागून अर्ध्या-एक मिनिटात सोडले आणि 'इन्सुलेशन' असा फॉल्ट आला, तर गनमध्ये किंवा इनलेटमध्ये ओल आहे. इन्सुलेशनच्या रोधाला दर व्होल्टला १०० ओम ही अगदी तळाची हद्द, म्हणजे ४०० व्होल्टला ४० हजार ओम. मीठयुक्त पाण्याचा पातळ थरही रोध त्याखाली आणायला पुरतो. या टप्प्यावर गाडीचे काँटॅक्टर अजून उघडे असतात, म्हणून बॅटरीला घाबरायचे कारण नाही. गन काढा, तोंड खाली करून झटका, कोरड्या सुती कापडाने टिपा, दहा-पंधरा मिनिटे वाऱ्यावर ठेवा. दुसऱ्या गाडीलाही त्याच गनवर तोच फॉल्ट आला तर गन तुमची दोषी. दुसरी गाडी सुरळीत चालली तर पहिल्या गाडीच्या इनलेटमध्ये पाणी आहे.

नीट सुरू होऊन दहा-वीस मिनिटांनी वेग पडला किंवा बंद झाले, तर गनमधला तापमानाचा सेन्सर बघा. पिनेवर कळंक चढला की ती तापते, सेन्सर प्रवाह खाली आणतो. तिथे मात्र एक गैरसमजही आहे. ६० किलोवॅटच्या दोन गनांच्या खांबावर दोन गाड्या लागल्या की प्रत्येकीला ३० मिळतात, आणि बॅटरी ८० टक्क्यांच्या पुढे गेली की गाडी स्वतःच कमी मागते. हा बिघाड नव्हे. पण पाटीवर नुसते '६०' लिहिले असेल तर गिऱ्हाईक बिघाडच समजणार.

कळंकाबद्दल थोडे. मिरामार, कोलवा, कळंगुट, वास्को, जिथे समुद्राचा वारा थेट लागतो तिथे पितळेच्या पिनेवर हिरवट आणि चांदीचा मुलामा असलेल्या पिनेवर काळपट थर बसतो. पॉलिश पेपरने घासू नका, मुलामा निघाला की ती पिन संपली. खोबरेल तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे, यातले काहीही लावू नका. त्यावर धूळ आणि मीठ चिकटून गळतीला वाट मिळते. वीज बंद करून, डीसी खांब असेल तर बंद केल्यावर दहा मिनिटे थांबून, आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसा. किनाऱ्यावर पंधरा दिवसांनी, आत डिचोली-सांगे भागात महिन्याने. गन टांगायची खोबण तोंड खाली राहील अशीच हवी, आणि वरचे छप्पर खांबाच्या पुढे किमान एक मीटर आलेले. आपला पाऊस सरळ पडत नाही, आडवा येतो.

राहता राहिली पाटी आणि माणूस. प्रत्येक खांबावर मराठी, कोकणी, हिंदी आणि इंग्रजीत एवढे लिहा : गनचा किंवा सॉकेटचा प्रकार चित्रासह, प्रत्यक्ष किलोवॅट आणि अँपिअर, दोन गाड्या लागल्यावर किती, खांबाचा क्रमांक, चोवीस तास उचलला जाणारा फोन. शेवटचे अर्थिंग कोणत्या तारखेला किती ओम मोजले तेही खडूने नव्हे, रंगाने. जिथे मोबाइलची रेंज नीट मिळत नाही, म्हणजे सत्तरी, धारबांदोडा, काणकोणच्या आतल्या गावांत, तिथे अ‍ॅपशिवाय कार्डवर सुरू होणारी सोय असलीच पाहिजे. आणि पंपावरच्या किंवा हॉटेलच्या एका तरी माणसाला पाच गोष्टी शिकवा : लाल इमर्जन्सी बटण दाबलेले असेल तर फिरवून वर कसे आणायचे, एमसीबी आणि आरसीसीबी कोणता, एकदा पडलेला आरसीसीबी कारण बघितल्याशिवाय दुसऱ्यांदा वर करायचा नाही, गन गाडीत अडकली तर आधी गाडी अनलॉक करायला सांगायचे आणि ओढाओढ करायची नाही, आणि जळका वास आला तर कोणते मेन स्विच बंद करायचे.

चतुर्थीला मुंबई-पुण्याहून गाड्या पत्रादेवीमार्गे उतरतील तेव्हा यातले निम्मे तरी झालेले असावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे. सुरुवात सॉकेट उघडून न्यूट्रल-अर्थमधला तारेचा तुकडा काढण्यापासून करा. त्याला ना निविदा लागते ना मंजुरी, परवानाधारक वायरमन, एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा तास पुरतो. मल्टीमीटर आणि अर्थ टेस्टर घेऊन यायला आम्ही तयार आहोत.

आपले,
गोव्यातील काही वीजतंत्रज्ञ आणि इलेक्ट्रिक गाड्यांचे मेकॅनिक